खाप्याच्या पुलाबद्दलचा खुलासा

कुंदाताई,

सगळं नीट पार पडलं, हे आधी सांगते. तुम्हाला तीच काळजी असणार. शोकसभेचा हॉल वेळेवर मिळाला. खुर्च्या कमी पडल्या, त्या शेजारच्या लग्नाच्या हॉलमधून आणल्या. पुढचे कूलर बंद ठेवले, कारण त्यांची घरघर माईकमध्ये शिरते आणि तुम्हाला ती चालायची नाही. मागचे मात्र चालू ठेवावे लागले, लोक घामाघूम झाले होते. भिवापूरहून आलेल्या बायांना पुढे बसवलं. फोटो तो लावला ज्यात तुम्ही हसत नाही आहात. हसरा फोटो प्रचारातला, असं तुम्ही म्हणायच्या. भाषणं ठरल्यापेक्षा लांबली. ती नेहमीच लांबतात.

एकच गोष्ट ठरल्याबाहेरची झाली. पक्षाच्या शहराध्यक्षांनी व्यासपीठावरून सांगितलं की खाप्याचा कन्हान नदीवरचा नवा पूल ताईंनी आणला, आणि त्या पुलाला ताईंचं नाव द्यावं असा ठराव तिथंच मांडला. हात वर झाले. टाळ्या झाल्या. माझाही हात अर्धा वर गेला होता.

पूल तुम्ही आणला नव्हता. हे त्या हॉलमध्ये नक्की माहीत असलेली माणसं थोडी होती. एक मी. दुसरे तिसऱ्या ओळीत काठी घेऊन बसलेले देवरावजी, तुमचे जन्माचे विरोधक, ज्यांनी तो पूल खरोखर आणला. आणि तिसऱ्या तुम्ही, फोटोतल्या, न हसणाऱ्या.

पुढे काय झालं ते सांगायलाच लिहायला बसले आहे. पण हे छापून येईल तेव्हा तुम्हाला फक्त टीव्हीवर पाहिलेली माणसंही वाचतील. त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. तुम्ही असता तर म्हणाला असता, "प्रास्ताविक काट वं वर्षे, बातमीवर ये." काटते. जितकं काटता येईल तितकं.

मी पेपरात उपसंपादक म्हणून लागले तेव्हा तुम्ही आमच्या मुख्य वार्ताहर होतात. तुमच्या टेबलावर कागदांचा ढीग, माझ्या टेबलावर एकही कागद वाकडा नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "तू बँकेत होतीस का वं आधी?" मी नाही म्हणाले. "मग इतकी सरळ काहून बसून राहिली? पाठ दुखंल न." तुमचं माझं जमेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

तुमची पहिली बातमी जी माझ्या हाताखालून गेली ती भिवापूरची. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथं बाया उन्हात बसून मिरचीचे देठ काढतात त्या अंगणात, त्यांच्या हातांची रात्रभर आग होते, सावली नाही, हाताला लावायला तेल नाही. बातमी चोख होती. मी शेवटचा परिच्छेद वाचला आणि तुम्हाला हाक मारली. सातऱ्याच्या मालकाचं आडनाव तुमचंच होतं.

"हो, बाबांचाच सातरा आहे," तुम्ही म्हणालात. "दुसरी बाजू घ्यायची राहिली. लाव फोन."

आपल्याकडे तुमचा तो नियम होता. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याला छापण्याआधी फोन. त्याच्याविरुद्धचं वाक्य त्याला वाचून दाखवायचं आणि तो काय म्हणतो ते बातमीत घालायचं. बाकीचे वार्ताहर "संपर्क होऊ शकला नाही" लिहून मोकळे व्हायचे. तुम्ही ते वाक्य आयुष्यात लिहिलं नाहीत.

मी फोन लावून दिला आणि तिथंच उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "बाबा, आत्ता मी घरची म्हणून नाही, पेपरातून बोलून राहिली." पलीकडून आवाज इतका मोठा होता की सगळ्या विभागाला ऐकू आला. "असं का? मग पेपरवाल्या बाई, लिहा. मिरची हाये, मोगरा नाही. हात जळतातच." तुम्ही लिहून घेतलंत. वाचून दाखवलंत. ते म्हणाले, "बरोबर हाये. अन् आमची कुंदा कुठं भेटली तर तिले सांगा, दिवाळीले येशील तेव्हा खोबऱ्याच्या तेलाचा डबा घेऊन ये म्हणा. बाया मागून राहिल्या."

पहिली ओळ छापली. दुसरी तुम्ही काटलीत, ती घरगुती होती म्हणून. मी खूप सांगितलं की खरी बातमी तीच आहे. ऐकलं नाहीत. दिवाळीनंतर परत आलात तेव्हा एवढंच म्हणालात, "सातऱ्यावर ताडपत्री बांधली बाबांनं." आणि लगेच पुढच्या बातमीची कॉपी मागितलीत.

त्यानंतर तुम्ही कितीतरी बातम्या केल्यात ज्यांनी अधिकारी हलले. पण मला सर्वांत जास्त आठवतो तो तुमचा खुलासा. खाप्याच्या एका मुख्याध्यापकाला निलंबित केल्याची बातमी आपण पहिल्या पानावर छापली. निलंबित झाला होता तो त्याच नावाचा दुसऱ्या गावचा. संपादक म्हणाले, चूक झाली, खुलासा छापू, आतल्या पानावर निविदांच्या शेजारी. तुम्ही त्यांच्यासमोर उभ्या राहिलात. "साहेब, त्या माणसाची बेइज्जती पहिल्या पानावर झाली. माफी निविदांत कशी काय मागता?" खुलासा पहिल्या पानावर आला. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. मला बरोबर घेऊन एस.टी.नं खाप्याला गेलात, कारण ते मुख्याध्यापक फोनवर म्हणाले होते की बातमी बसस्टँडवर मोठ्यानं वाचली गेली, खुलासा कोण वाचणार. तुम्ही बसस्टँडवर चहाच्या टपरीसमोर उभं राहून तो मोठ्यानं वाचलात. लोक हसले. एकजण म्हणाला, "बाई, पुन्हा एकदा वाचा, मागच्यांले ऐकू नाही आलं." तुम्ही पुन्हा वाचलात.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले की एक ओळीचं पत्र त्यांना पाठवलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "तुले चाललं असतं." आपल्या वादाची ती सुरुवात. तो कधी संपला नाही.

पक्षाचं तिकीट आलं तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं, तुम्हाला सोडून. तुम्हाला राग आला होता. "मी प्रश्न विचारणारी बाई. उत्तरं द्यायला लावून राहिले हे लोक." मीच तुम्हाला म्हणाले की दिल्लीत प्रश्न विचारायचाच पगार मिळतो. तुम्ही हसलात आणि अट घातलीत की मी पेपर सोडून तुमचं कार्यालय सांभाळायचं. मी एक रात्र मागितली. सकाळी प्रचाराचं वेळापत्रक तयार करूनच आले.

तो प्रचार माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोंधळाचा आणि सगळ्यात आनंदाचा काळ. हिंगण्याला पाळी सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटरसायकली एकदम बाहेर पडायच्या. त्या गर्दीत तुम्ही भाषण करायच्या नाहीत, मुलाखत घ्यायच्या. डबा किती वाजता भरता, मुलं कोणाकडं ठेवता, आत जेवायला जागा आहे का. एका कामगारानं वैतागून विचारलं, "ताई, तुम्ही मत मागून राहिल्या का चौकशी करून राहिल्या?" तुम्ही म्हणालात, "आधी चौकशी. मत मागून घेईन."

देवरावजी समोर उभे होते. पंचवीस गावांतल्या लोकांना नावानिशी ओळखणारा माणूस. त्यांच्याविरुद्ध काही बोलायचं ठरलं की तुम्ही आदल्या दिवशी त्यांना फोन करायच्या. त्यांना आधी वाटलं की ही चाल आहे. मग सवय झाली. एकदा तर फोन मीच उचलला, पलीकडे ते: "वर्षाताई, आज फोन नाही आला. तब्येत बरी हाये न बाईची?"

तुम्ही निवडून आलात. मिरवणूक संपल्यावर पहिला फोन त्यांनाच केलात.

दिल्लीतल्या तुमच्या कामाबद्दल इतरांनी खूप लिहिलं आहे, मी एवढंच सांगते की पहिल्या वर्षी तुमचे प्रश्न इतके छोटे असायचे की मंत्र्यांना लांब उत्तर द्यायला आडोसा मिळायचा नाही. तुम्ही जाताना बॅगेत भिवापुरी तिखटाच्या पुड्या न्यायच्या आणि त्या समोरच्या बाकांवरच्या लोकांना वाटायच्या. "यांचं भाषण फार मिळमिळीत असते," हे त्यांच्या तोंडावर सांगून. परक्या पक्षाचे, परक्या भाषेचे खासदार माझ्याकडे नागपूरला फोन करून विचारायचे, कुंदाजींचं तिखट संपलं, पुन्हा कधी येणार?

आता त्या दिवसाबद्दल. लिहू नको असं तुम्ही म्हणणार नाही, म्हणून लिहिते.

अचानक बोलायची संधी आली होती. हिंगण्यातल्या एका कारखान्यानं कामगारांचा दवाखाना बंद केला, असं तुम्ही सभागृहात सांगितलंत. माहिती खात्रीच्या माणसाकडून होती. पण कारखान्याची बाजू घ्यायला फोन करायला वेळ नव्हता, आणि तुमच्या आयुष्यात तो एकदाच राहिला. दवाखाना बंद नव्हता झाला. दुसऱ्या फाटकाशी हलवला होता, चालू होता. तुम्हाला संध्याकाळी कळलं.

मला फोन आला. "वर्षे, चूक झाली. उद्या उभी राहून सांगणार."

मंत्रिमंडळाचा विस्तार होऊ घातला होता. आरोग्य खात्यासाठी तुमचं नाव नक्की आहे, असं सगळीकडून ऐकू येत होतं. मला तर शपथविधीला कोणती माणसं न्यायची तेही ठरवायला सांगितलं गेलं होतं. पक्षातल्या वरिष्ठांनी तुम्हाला समजावलं की सचिवालयाला पत्र द्या, नोंद दुरुस्त होईल, विरोधकांना फुकटचा आनंद कशाला. मी तेच म्हणाले. आवाज चढवून म्हणाले. "ताई, पत्र द्या अन् गप्प बसा. हे खातं मिळालं तर अख्ख्या विदर्भात दवाखाने उघडाल तुम्ही. एका वाक्यासाठी ते घालवू नका."

तुम्ही म्हणालात, "सभागृहात बोलली मी, टपालात नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही अध्यक्षांची परवानगी मागितलीत, उभ्या राहिलात आणि सांगितलंत की मी काल चुकीची माहिती दिली, कारखान्याची बाजू विचारायला हवी होती, विचारली नाही. विरोधकांनी बाकं वाजवली. टोमणा म्हणूनच वाजवली. आपल्या बाजूचे लोक मान खाली घालून बसले. मी इथं कार्यालयात टीव्हीसमोर उभी होते, हातात रिमोट, आणि मला एकाच वेळी टीव्ही बंद करावासा वाटत होता आणि आवाज वाढवावासा.

विस्ताराच्या यादीत तुमचं नाव नव्हतं.

मी तुमच्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलले. तुम्हीही मला मनवायला आला नाहीत. पुढे कितीतरी वेळा हा विषय निघाला, प्रवासात, जेवताना, एकदा तर दवाखान्यात तुम्हाला सलाईन लागलेलं असताना. मी म्हणायची की मंत्री झाल्या असत्या तर किती कामं झाली असती. तुम्ही म्हणायच्या, "झाली असती." कबूलच करायच्या, त्यामुळे भांडण पुढे सरकायचं नाही. मला वाटायचं, एकदा तरी म्हणा की वर्षे, तुझं बरोबर होतं. आणि तुम्हाला बहुधा वाटत असेल की एकदा तरी मी म्हणावं.

जे घडलं ते मात्र मी पाहिलं. पुढच्या काळात तुम्ही काही बोललात की समोरच्या बाकांवरून "पुरावा द्या" असं कोणी ओरडायचं नाही. एका विरोधी खासदारानं मला हसत सांगितलं होतं, "कुंदाजी बोलल्या म्हणजे आम्ही शोधाशोध करत नाही. चुकलं असेल तर त्या स्वतःच येऊन सांगतील." मंत्र्यांच्या गाड्या मी खूप पाहिल्या आहेत. असं कोणाबद्दल बोललेलं दुसऱ्यांदा ऐकलं नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण मग वाद तुम्ही जिंकला असता.

तर शोकसभा.

टाळ्या चालू होत्या आणि माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. पुलाची खरी हकीकत मला पाठ आहे. देवरावजी आमदार असताना त्यांनी त्या कागदांमागे मुंबईच्या चकरा मारल्या. तुम्ही लोकसभेत एक प्रश्न विचारला होतात, तेवढाच. पूल झाल्यावर आपल्या कार्यकर्त्यांनी तुमच्या फोटोचे फलक लावले, तुम्ही ते उतरवायला लावलेत, पण लोकांच्या डोक्यातून फलक कोण उतरवणार. शहराध्यक्ष तेव्हा राजकारणात नव्हते. त्यांनी जे ऐकलं ते मनापासून सांगितलं.

आणि ताई, खरं सांगायचं तर मला ते नाव हवं होतं. मंत्र्यांच्या यादीत तुमचं नाव यायला हवं होतं, ते आलं नाही. इथं दगडात कोरलं जाणार होतं. पूल पडेपर्यंत राहिलं असतं. कोणाचं नुकसान नव्हतं. चूक तुम्ही केलेली नव्हती, मीही नाही. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं. व्यासपीठावर मी कधी चढलेलीच नाही, माझी जागा खाली, खुर्च्यांपाशी.

मी देवरावजींकडे पाहिलं. ते दोन्ही हात काठीवर ठेवून तुमच्या फोटोकडे पाहत होते. त्यांचा हात वर नव्हता आणि तक्रारही नव्हती. मी त्यांच्या शेजारी जाऊन वाकले.

"भाऊ, पूल कोणी आणला?"

"राहू दे वं," ते म्हणाले. "गेलेल्या बाईचं काय काढून राहिली आता?"

"काढत नाही. तुमची बाजू घेऊन राहिली."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मग म्हणाले, "लिही. पूल म्या आणला. चपला झिजल्या माह्या मुंबईले. पण नाव तिचं लागलं तर मले वाईट नाही वाटणार. रोज फोन करून भांडणारी दुसरी बाई नाही भेटली मले."

मी त्यांना वाक्य वाचून दाखवावं तसं पुन्हा म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर हाये."

मग मी व्यासपीठावर गेले. माईक माझ्या उंचीला नव्हता, तो खाली करताना फार मोठा आवाज झाला. मी सांगितलं की पुलाबद्दल एक दुरुस्ती आहे. पूल देवरावजींच्या प्रयत्नातून झाला. ताईंनी त्याबद्दल एक प्रश्न विचारला होता. ताईंच्या नावाला देवरावजींची हरकत नाही, हेही त्यांनी सांगायला सांगितलं आहे. ठराव पुन्हा मांडायचा की नाही, सभेनं ठरवावं. एवढंच. तुमच्याबद्दल मी आयुष्यात जे काही बोलले, त्यातलं ते सगळ्यात अभिमानाचं बोलणं होतं, आणि त्यात तुमचं एकही कौतुक नव्हतं.

मागचे कूलर घरघरत होते. मग पुढच्या ओळीतल्या भिवापूरच्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणली?" शेजारीण मोठ्यानं म्हणाली, "पूल तिचा नाही म्हणे. पण बोलणारी बाई तिचीच वाटते."

लोक हसले. देवरावजी सर्वांत मोठ्यानं हसले आणि मग रुमाल शोधू लागले.

खाली उतरताना शहराध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. ते चिडले होते, पण बोलले सभ्यपणे. "वर्षाताई, बरोबर असेल तुमचं. पण हे नंतर पत्रक काढून सांगता आलं नसतं का? शोकसभेत कशाला?"

आणि ताई, मी विचार न करता म्हणाले, "अध्यक्षजी, तुम्ही इथून बोललात. पत्रकातून नाही."

म्हणून झाल्यावर मी स्वतःच थांबले. ते काय म्हणाले पुढे, मला ऐकू आलं नाही. मी तुमच्या फोटोकडे वळले.

ठराव पुन्हा मांडला गेला नाही. आता ते नगर परिषदेचं काम आहे. नाव तुमचं लागलं तर लागू दे, चुकीच्या कारणासाठी लागणार नाही. खुर्च्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत केल्या, एक तुटली होती, ती भरून दिली. मंत्रिपदाबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही, ते खातं तुम्हाला मिळायला हवं होतं. पण खाप्याहून परत येताना बसमध्ये तुम्ही मला म्हणाला होतात, "तुले चाललं असतं," आठवतं? त्यावर माझं उत्तर इतकी वर्षं राहिलं होतं.

नाही, ताई. मलाही चाललं नसतं.

तुमची
वर्षा